राणीसाहेबांवरचा टॉवेल

"वाक की जरा. कंबर मोडली का तुझी? आता सांग, किती दिसतात?"

"दोन," मी म्हटलं.

"शाब्बास!" दाजींनी बॅटरी बंद केली आणि स्वतःलाच बक्षीस मिळाल्यासारखे हसले.

मी खरं तर काहीच पाहिलं नव्हतं. काचेच्या पेटीत, नारळाच्या भुशावर, चहाच्या बशीएवढा एक केसाळ कोळी बसला होता. त्याच्या गुडघ्यांवर शेंदरी रंग. त्याच्या तोंडाशी वाकून जबड्यावरच्या पट्ट्या मोजायची हौस मला नव्हती. पण उत्तर 'दोन' आहे हे मला पाठ होतं, कारण सांगलीला बहिणीकडे गेलं की चहाच्या आधी हा प्रश्न यायचाच.

सर्जेराव दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. जन्मभर साखरेची शुद्धता मोजली, निवृत्त होऊन घरी आले आणि कोळ्यांची शुद्धता मोजायला लागले. टॅरँटुला म्हणतात त्यांना. लोक कुत्रा पाळतात, पोपट पाळतात. आमच्या दाजींनी असला प्राणी निवडला, जो मालकाला ओळखत नाही, हाकेला येत नाही, आणि आठवड्यातून एक झुरळ खाऊन भिंतीकडे तोंड करून बसतो. माझ्या मते दोघांचं छान जमायचं.

वरच्या फळीवर 'हमोरी' आणि खालच्या फळीवर 'स्मिथी'. दोन्ही मेक्सिकोच्या, दोन्हींचे गुडघे शेंदरी. जगभरातली हौशी मंडळी कित्येक वर्षं दोघींना एकाच नावाने ओळखत होती. मग शास्त्रज्ञांनी त्या वेगळ्या काढल्या, आणि दाजींच्या आयुष्याला अर्थ आला. हमोरीच्या जबड्यावर दोन पट्ट्या, स्मिथीच्या एक, असं ते सांगायचे. मोठी हमोरी मादी होती तिचं नाव राणीसाहेब. खालच्या दोघींना नावं नव्हती. त्या नुसत्या 'खालच्या'.

ही खोली मुळात माझ्या भाचीची, शलाकाची. पेट्या आल्या, तिचं टेबल गेलं, कपाट गेलं, कॉट तेवढी राहिली. तिने एम.एस्सी. त्या कॉटवर बसून केलं आणि नोकरी लागल्यावरही ती तिथेच झोपायची. कधी तक्रार केली नाही. मला वाटायचं, पोरगी बापासारखीच थंड आहे.

दाजींनी एक ग्रुपही काढला होता, 'अष्टपाद मित्रमंडळ'. सांगलीपासून नाशिकपर्यंतचे पंचवीस-तीस रिकामटेकडे त्यात होते, आणि अध्यक्ष अर्थात दाजी. ग्रुपचा नियम एकच, पण कडक. दोन प्रजातींची सरमिसळ करायची नाही. कुणाकडून झालीच, तर अंड्यांची पिशवी फ्रीझरमध्ये टाकायची. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याकडून अशी चूक झाली होती. भला माणूस, त्याने आपणहून सांगितलं. दाजींनी त्याला पिशवी फ्रीझरमध्ये ठेवल्याचा फोटो ग्रुपवर टाकायला लावला, त्याखाली 'नियम म्हणजे नियम' असं लिहिलं, आणि मग त्याला काढून टाकलं.

मी त्या दिवशी पट्ट्या मोजायला गेले नव्हते. शलाकाने बोलावलं होतं. तिला सुगत वाघमारेशी लग्न करायचं होतं. सुगत जलसंपदा विभागात इंजिनिअर, मिरजेचा. मुलगा मला आवडला होता, आणि मला माणसं सहसा आवडत नाहीत. मी दिवाणी कोर्टात वकिली करते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाऊबंदकी बघते. त्यातून जो नजरेत भरतो तो खरा.

"मावशी, बाबा माझं ऐकत नाहीत. तू बोल," ती म्हणाली होती.

पण त्या दिवशी दाजींना वेळ कुठला? घरात लग्न होतं. राणीसाहेबांचं.

नाशिकहून देवरे नावाचे गृहस्थ आपला हमोरी नर आइस्क्रीमच्या डब्यात घालून घेऊन आले होते. या लोकांची अशी रीत असते. नरवाल्याने नर उसना द्यायचा, मादीवाल्याने पिल्लं निम्मी द्यायची. मादीने नराला खाल्लं तर कुणी कुणाला बोल लावायचा नाही.

"कुठल्या घरातला म्हणायचा?" दाजींनी डब्यात डोकावत विचारलं.

"शुद्ध आहे, साहेब. आई-बाप दोघं माझ्याच घरचे," देवरे म्हणाले.

"तसं नव्हे, पण विचारलेलं बरं असतं. आजकाल कोण काय कुठं मिसळतं, कळत नाही."

दाजींनी देवऱ्यांच्या नरालाही बॅटरी मारून पाहिली. दोन. मग डबा पेटीत ठेवला. नर बाहेर आला आणि पुढच्या पायांनी भुशावर टकटक करायला लागला. राणीसाहेब ढिम्म. दोन प्रौढ पुरुष श्वास रोखून, हातात लांब चिमटे घेऊन पेटीवर वाकलेले. माझी ताई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. हसत होती की लाजत होती, देव जाणे.

तेवढ्यात शलाका चहा घेऊन आली. "बाबा, सुगतचे आईबाबा विचारत होते, पुढच्या रविवारी आले तर चालेल का?"

"आता नको," दाजी पेटीवरची नजर न काढता म्हणाले.

"मग कधी?"

"शलाका, इथं काय चाललंय दिसत नाही का तुला?"

जे चाललं होतं ते थोड्याच वेळात आटोपलं. नर काम करून मागे सरकला आणि त्याच क्षणी राणीसाहेबांनी झडप घातली. दाजींचा चिमटा पोचेपर्यंत उशीर झाला होता. देवरे मटकन कॉटवर बसले. त्यांचे डोळे भरून आले. "एवढासा होता तेव्हापासून सांभाळला होता हो," ते करंगळीचं नख दाखवून म्हणाले. दाजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या मायेने त्यांनी माझ्या ताईच्या पाठीवर हात ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता.

देवरे रिकामा डबा घेऊन गेल्यावर मी विषय काढला.

"मुलगा वाईट आहे असं मी कुठं म्हणतोय?" दाजी सोफ्यावर रेलून म्हणाले. "चांगला शिकलेला आहे, वळणाचा आहे. पण आपल्यात बसत नाही, कुंदा. तू आत बघितलंस की. दोन्ही दिसायला अगदी एक. तरी निसर्गाने वेगळ्या ठेवल्यात. त्यामागं काही कारण असेलच की."

"दाजी, तुमची मुलगी कोळी नाही."

"उदाहरण दिलं मी. वकील असून तुला उदाहरण कळत नाही होय?"

मी बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी सांगितलं, की शलाका सज्ञान आहे, तिला काय करायचं ते तिने करावं. पण त्या मांडवात आपण पाय ठेवणार नाही आणि ताईही ठेवणार नाही. त्यानंतर या घराचं दार तिला बंद. ताई शेजारीच शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. आमची ताई नवऱ्याला न विचारता भाजीसुद्धा बदलत नाही. मला तिचा संताप यायचा, आणि कीवही. त्या दिवशी संतापच जास्त आला.

शलाका मला रिक्षापर्यंत सोडायला आली. "आई नसेल तर मी लग्न करणार नाही, मावशी," ती शांतपणे म्हणाली.

"अगं, वेडी की काय तू? मी आहे, सुगतच्या घरचे आहेत."

"मी गेल्यावर आई त्या घरात एकटी राहणार आहे. तिला चोरून भेटायचं नाहीये मला. ती समोर उभी असेल तरच."

तिथेच सगळं अडलं. सुगत थांबायला तयार होता, पण त्याची बदली चंद्रपूरला होणार होती आणि त्याच्या आईने इतर स्थळं बघायला सुरुवात केली होती. मी विवाह नोंदणीची नोटीस देऊन ठेवली. नोटिशीची तीन महिन्यांची मुदत भरत आली, तरी दाजी हलले नाहीत.

दरम्यान राणीसाहेबांनी अंडी घातली. पांढऱ्या चेंडूसारखी ती पिशवी त्या पायांत धरून बसायच्या. रोज ग्रुपवर फोटो, रोज अभिनंदन. उन्हाळ्यात पिल्लं बाहेर आली. मोहरीच्या दाण्यांएवढी, शेकड्यांनी. दाजींनी बारसं ठरवलं. मी थट्टा करत नाही. खरोखर बारसं, पेढ्यांसकट. देवरे आपला निम्मा वाटा घ्यायला येणार होते, ग्रुपमधले आणखी दहाजण येणार होते. स्वतःच्या मुलीच्या लग्नाला नकार देणाऱ्या माणसाने कोळ्यांच्या बारशासाठी केटरर सांगितला होता.

आणि मग अचानक ग्रुपवर निरोप आला. पेट्यांना बुरशी लागली, सगळी पिल्लं गेली, बारसं रद्द. मंडळींनी हात जोडलेली चित्रं टाकली. कुणी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. हे सगळं मला शलाकाने फोनवर वाचून दाखवलं. मी पोट धरून हसले.

"मावशी, उद्या ये ना घरी. बाबांशी शेवटचं बोलून बघ," ती म्हणाली.

"आता काय बोलू त्यांच्याशी? सुतकात आहेत ते."

"ये तरी. आणि बाबांनी राणीसाहेबांच्या पेटीवर टॉवेल का घातलाय ते विचार. आम्हाला कुणाला सांगत नाहीत."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. शलाका नोकरीवर गेली होती, ताई देवळात. दाजी वर्तमानपत्र समोर धरून बसले होते. मी बोलायला लागले, त्यांनी पान उलटलं. मी पुन्हा बोलले, त्यांनी पुन्हा पान उलटलं. माझं डोकं फिरलं. मी उठून थेट त्या खोलीत गेले.

वरच्या फळीवरच्या पेटीवर निळा टॉवेल होता. "अगं, हात लावू नको, तिने आत्ताच कात टाकलीय!" दाजी मागून ओरडत आले. तोवर मी तो ओढला होता.

राणीसाहेब नव्या कोऱ्या दिसत होत्या. आधी सगळं मळकट, विटकं होतं. आता काळा रंग मखमली, गुडघे पेटलेले. बॅटरी शेजारीच होती. मी ती लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा खरंच वाकून बघितलं.

"दाजी, एकच आहे."

त्यांनी टॉवेल उचलून घडी घालायला घेतली.

मी खाली बसले आणि खालच्या फळीवर बॅटरी मारली. एक. पुन्हा वर. एक. राणीसाहेब खालच्यांतल्याच होत्या. विटक्या केसांत दाजींनी आपल्याला हवी ती दुसरी पट्टी शोधून काढली होती. कात टाकल्यावर ती सोय उरली नाही.

"म्हणजे नाशिकचा नर हमोरी, आणि ही स्मिथी," मी म्हटलं. "सरमिसळच झाली की हो, अध्यक्ष."

"हळू बोल."

"आणि पिल्लं? खरंच बुरशीने गेली का?"

दाजी कॉटवर बसले. टॉवेलकडे बघत म्हणाले, "तुझ्या ताईच्या लोणच्याच्या कपाटात आहेत."

मी स्वयंपाकघरात जाऊन कपाट उघडलं. मागच्या बाजूला, कैरीच्या बरणीआड, भोकं पाडलेल्या चिमुकल्या डब्या ओळीने रचलेल्या. प्रत्येक डबीत एकेक ठिपका. मी परत आले तेव्हा दाजी चष्मा काढून डोळे पुसत होते.

"फ्रीझर उघडला होता मी. डबे हातात होते," ते म्हणाले. "नाही झालं गं माझ्याच्यानं. त्यांचा काय दोष? जन्माला आलेला जीव तो. त्यांना काय ठाऊक, आई कुठली आणि बाप कुठला? चालतात, खातात, अगदी ठणठणीत आहेत बघ."

हे त्या खोलीत, शलाकाच्या कॉटवर बसून, त्याच तोंडाने. मी आयुष्यात खूप खोटारडी माणसं पाहिली आहेत. ती माझी पोटापाण्याची सोय आहे. पण खोटारड्याला निदान आपण खोटं बोलतोय हे माहीत असतं. दाजींना आपण काय बोलून गेलो ते कळलंसुद्धा नव्हतं. मला त्यांची इतकी किळस आली, की मी क्षणभर भिंतीकडे बघत राहिले.

मग मी वकील झाले.

"दाजी, सोमवारी अकरा वाजता नोंदणी कार्यालय. ताईला घेऊन यायचं. तिने चांगली साडी नेसलेली पाहिजे. तुम्ही साक्षीदार म्हणून सही करायची. नंतर दोघांना घरी आणून जेवायला घालायचं."

"आणि नाही आलो तर?"

"तर दुपारी देवऱ्यांना फोन. मग इचलकरंजीच्या त्या यंत्रमागवाल्याला. लोणच्याच्या कपाटाचा मी काढलेला फोटो तो ग्रुपमधल्या प्रत्येकाला पाठवेल. खाली काय लिहायचं ते त्याला सांगावं लागणार नाही."

"हे ब्लॅकमेल आहे, कुंदा."

"होय."

"तू ताईच्या नवऱ्याला अशी—"

"मी तुमच्याशी बोलायची फी घेत नाही, एवढं नातं पुरे."

ते खूप वेळ राणीसाहेबांकडे बघत बसले. मुलगी आणि अब्रू यांतून निवड करत होते असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. अब्रू कुठली जास्त मोठी, एवढंच ते मोजत होते. जातीतले लोक नावं ठेवतील ते, की अष्टपाद मित्रमंडळ? मित्रमंडळ जिंकलं.

सोमवारी ते आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. मागून ताई, इरकली नेसून, नाकात नथ. कुठल्या पेटीतून तिने ती काढली कुणास ठाऊक. दाजींनी सही केली. शलाका आईच्या गळ्यात पडून जी रडायला लागली, ती थांबेना. मग दाजींच्या पाया पडली. दाजींनीही डोळे पुसले. सुगतचे वडील हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमचं मन मोठं आहे." दाजींनी मान लववली. नाही म्हणाले नाहीत.

आता गोष्ट मागच्या महिन्यातली.

मधल्या वर्षांत दाजी हळूहळू थोर झाले. सुरुवातीला लग्नाचा विषय निघाला की गप्प बसायचे. मग 'काळाबरोबर चालावं लागतं' म्हणायला लागले. मग कुठल्याशा संस्थेने त्यांचा सत्कार केला, मुलीचा आंतरजातीय विवाह पुढाकार घेऊन लावून दिला म्हणून. शाल, नारळ, भाषण. "माणसाला फक्त माणूस म्हणून बघायला शिकलो," असं ते माइकवर म्हणाले, आणि त्यांचा आवाज दाटून आला. सगळ्यात वाईट म्हणजे तो खराच दाटून आला होता. पहिल्या रांगेत शलाका, सुगत, त्यांची मुलगी आणि ताई टाळ्या वाजवत होते. मी दातओठ खात बसले होते. शलाकासाठी गप्प राहिले होते मी. बाप बदलला या विश्वासावर तिचा संसार उभा आहे, तो कशाला हलवा?

सत्कारानंतर सगळे घरी आलो. लोणच्याच्या कपाटातल्या पिल्लांपैकी बरीच मेली, काही दाजींनी कुणाकुणाला दिली. एक मात्र मोठी झाली होती. राणीसाहेबांच्या जुन्या जागी, वरच्या फळीवर, बशीएवढी, शेंदरी गुडघ्यांची.

"ही कुठली म्हणायची, बाबा?" सुगतने विचारलं.

"हमोरी," दाजी खांद्यावरची शाल सावरत म्हणाले. "शुद्ध. वाकून बघा, दोन पट्ट्या दिसतील."

सुगत वाकला. वाकल्या वाकल्या म्हणाला, "हो, आहेत की." दाजी खूश झाले आणि शालीची घडी करायला बाहेर गेले. सुगतही त्यांच्यामागे गेला. माझ्याच्याने राहवेना.

"ढोंगी कुठला!" मी पुटपुटले.

"कोण, बाबा की सुगत?" शलाकाने विचारलं. ती आपल्या जुन्या कॉटवर बसली होती.

"काही नाही गं. तुझ्या बाबांचं कौतुक वाटलं."

ती हसली. "मावशी, या खोलीत मी किती वर्षं झोपले ठाऊक आहे ना तुला? मला पट्ट्या मोजता येत नाहीत असं वाटलं तुला?"

मी पेटीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"कात टाकली त्याच सकाळी बघितलं मी. बाबांच्या आधी. लोणचं काढायला गेले तेव्हा डब्याही बघितल्या. टॉवेलचं कोण बोललं होतं तुला?"

"मग तूच का नाही धरलंस त्यांना?"

"मी धरलं असतं तर आईने बाबांची बाजू घेतली असती. आयुष्यभर." तिने पायाने कॉटखालची जुनी चप्पल सरळ केली. "तू धरलंस तर तुला फक्त खाष्ट म्हणणार होते. ते आधीपासून म्हणतातच."

"आणि त्या दिवशी त्यांच्या पाया पडून रडत होतीस ती?"

"आईला सोडवत नव्हतं म्हणून रडत होते. बाबांच्या पाया पडल्याशिवाय आईने जेवायचं ताट वाढलं नसतं." ती उठली, पेटीजवळ गेली आणि दाजींनी तशीच चालू ठेवलेली बॅटरी बंद केली. "चल, आई हाक मारतेय."

बाहेर ताई पानं मांडत होती. दाजी सुगतला आपलं भाषण पुन्हा ऐकवत होते, आणि माझी भाची बापाच्या पानात, सगळ्यात आधी, श्रीखंड वाढत होती.